एजंटचा रेरा नंबर: तो कोण देतं, कधी काढून घेतं आणि तक्रार कशी टिकते

नव्या फ्लॅटची चौकशी करायला गेलं की एजंट आधी व्हिजिटिंग कार्ड पुढे करतो. त्यावर नाव, मोबाइल, इमारतीचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'महारेरा नोंदणीकृत' असं छापलेलं असतं. त्या शब्दांपुढे नंबर आहे का ते बघायचं. नंबर नसेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही, ते कुठल्याही छापखान्यात छापून मिळतात. महाराष्ट्रात घरं विकणाऱ्या एजंटवर सरकारचा जो काही वचक आहे तो या नंबरावर उभा आहे. सरकार नंबर देतं, काही काळ गोठवतं किंवा कायमचा काढून घेतं. ग्राहकाचं नुकसान बहुतेकदा नंबर नसलेल्या माणसाशी व्यवहार केल्याने होतं, नाहीतर नंबर असलेल्या माणसाने काय सांगितलं याचा कागद न ठेवल्याने.

कायदा केंद्राचा आहे: स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच रेरा. त्यातली काही कलमं १ मे २०१६ ला आणि उरलेली १ मे २०१७ ला लागू झाली. केंद्राने चौकट आखून दिली. नियम करणं, शुल्क ठरवणं आणि प्राधिकरण नेमणं हे काम राज्यांकडे आलं. महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण म्हणजे महारेरा स्थापन केलं आणि एप्रिल २०१७ मध्ये नियम जारी केले. त्याआधी आपल्याकडे १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीचा राज्याचा कायदा होता, पण त्याचा सगळा रोख बिल्डरवर होता. दलालाला परवाना लागत नसे. त्यामुळे फसवणूक झाली तर पोलिस ठाणं नाहीतर कोर्ट, एवढेच रस्ते होते. त्याचा धंदा बंद करू शकेल असं कुणी नव्हतं.

एजंट कुणाला म्हणायचं

कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे. प्रकल्पातला फ्लॅट, प्लॉट किंवा इमारत विकताना एका बाजूच्या वतीने बोलणी करून त्याबद्दल मोबदला घेणारा माणूस एजंट ठरतो. त्या मोबदल्याला दलाली म्हणा, फी म्हणा किंवा आणखी काही. कोणत्याही माध्यमातून विकणारा आणि घेणारा यांची फक्त गाठ घालून देणाराही व्याख्येत येतो. त्यामुळे 'मी फक्त ओळख करून दिली, व्यवहार त्यांनी केला' हा बचाव लंगडा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रकल्पाची जाहिरात टाकून मागून कमिशन घेणाऱ्यालाही तो तारत नाही.

मात्र नोंदणीची सक्ती करणारं कलम ९ नियोजन क्षेत्रातल्या नोंदणीकृत प्रकल्पात विकासक स्वतः विकत असलेल्या घरांबद्दल बोलतं. भाड्याच्या घराची दलाली त्यात नाही. कुणाकडून तरी जुना फ्लॅट पुनर्विक्रीत घ्यायचा असेल तर तोही या कलमाच्या मुख्य कक्षेबाहेर राहतो. हा फरक अनेकांना तक्रार करायची वेळ आल्यावर कळतो, म्हणून तो सुरुवातीलाच सांगितलेला बरा.

प्रकल्पालाही सूट असू शकते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. 'साहेब, छोटा प्रोजेक्ट आहे, रेरा लागत नाही' हे वाक्य इथूनच येतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण 'सगळे टप्पे धरून' हे शब्द सोडून चालत नाही. आज सहा फ्लॅटची एक विंग आणि पुढच्या वर्षी शेजारी दुसरी विंग असं चित्र असेल तर सूट उरत नाही. मंजूर नकाशा मागा आणि त्यावरच्या सदनिका मोजा.

नंबर मिळतो कसा

अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. व्यक्तीला १० हजार रुपये आणि कंपनी, भागीदारी किंवा तत्सम संस्थेला १ लाख रुपये शुल्क आहे. पॅन, पत्ता, फोटो, संस्था असेल तर तिची कागदपत्रं, आणि अर्जदारावर चालू असलेल्या दिवाणी-फौजदारी प्रकरणांची माहिती द्यावी लागते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो.

अर्जात आणखी एक गोष्ट जोडावी लागते. एजंट जी लेटरहेड, रबरी शिक्के आणि पोचपावत्या वापरणार, त्यांच्या प्रती अर्जासोबत द्याव्या लागतात. एजंटने तुमच्या हातात दिलेल्या पावतीचं मोल इथे वाढतं, कारण त्याच्या पावतीचा नमुना सरकारदरबारी आधीच जमा आहे. एखादा एजंट पैसे घेऊन वहीच्या फाटक्या पानावर 'मिळाले' असं लिहून देत असेल, तर नोंदणीकृत छापील पावती तो का टाळतोय, असा प्रश्न तिथल्या तिथे विचारायला हवा.

२०२३ पासून परीक्षेची अट आली. जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटसाठी २० तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतरची परीक्षा सक्तीची केली. ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या सक्षमता प्रमाणपत्राशिवाय आता नवी नोंदणी किंवा नूतनीकरण होत नाही. आधीपासून नोंदणी असलेल्यांना मुदत दिली होती, ती वाढवून १ जानेवारी २०२४ पर्यंत नेली. तरीही प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये वर्षभरासाठी निलंबित झाली. एवढ्या मोठ्या संख्येने नंबर गोठवण्याचं हे पाऊल फार महत्त्वाचं होतं. लोकांच्या आयुष्यभराच्या बचतीला हात लावणाऱ्या माणसाला कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांतला फरक तरी माहीत असावा, ही अपेक्षा जास्त नाही. २० तास त्यासाठी कमीच आहेत, पण शून्यापेक्षा कितीतरी बरे.

ग्राहकासाठी याचा अर्थ असा की २०१८ मध्ये खराखुरा मिळालेला नंबरही आज मेलेला असू शकतो. मुदत संपली असेल, निलंबन झालं असेल किंवा नोंदणी रद्द झाली असेल. कार्डावर तो तसाच छापलेला राहतो. म्हणून नंबर बघून थांबू नका, तो महारेराच्या संकेतस्थळावर एजंटच्या शोधात टाका. एजंटचा नंबर इंग्रजीतल्या 'ए' ने सुरू होतो आणि प्रकल्पाचा 'पी' ने. पुष्कळ जण प्रकल्पाचा नंबर दाखवून 'हा बघा आमचा रेरा नंबर' म्हणतात. प्रकल्प नोंदणीकृत आहे म्हणून तो विकणारा माणूस आपोआप नोंदणीकृत होत नाही. दोन्ही नंबर वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

शोधात नाव उघडल्यावर फोटो, पत्ता आणि मुदत समोरच्या माणसाशी ताडून पहा. एजंटची नावं फोटोसह संकेतस्थळावर ठेवणं आणि ज्यांची नोंदणी नाकारली किंवा रद्द केली त्यांचीही नोंद लोकांसमोर ठेवणं, हे कायद्यानेच प्राधिकरणाचं काम ठरवलं आहे. नंबर एखाद्या संस्थेच्या नावावर असेल आणि तुमच्याशी बोलणारा कुणी वेगळाच असेल, तर तो त्या संस्थेत काय म्हणून काम करतो हे लेखी घ्या. एका नोंदणीवर दहा 'सब-ब्रोकर' फिरवणं ही नेहमीची पळवाट आहे. नोंदणी राज्यभर चालते, म्हणजे पुण्यात नंबर घेतलेला एजंट नागपुरातलं घर विकू शकतो. पण शेजारच्या राज्यातला प्रकल्प विकायचा असेल तर तिथल्या प्राधिकरणाची वेगळी नोंदणी लागते.

कुठे पाय घसरतो

एजंटने काय करायचं आणि काय नाही, हे कलम १० मध्ये आहे. कलम छोटं आहे, पण बहुतेक तक्रारी त्याच्याच ओळींत बसतात.

पहिली बंदी नोंदणी नसलेला प्रकल्प विकण्यावर आहे. 'प्री-लाँच', 'फ्रेंड्स अँड फॅमिली रेट', 'फक्त इंटरेस्ट दाखवायला ५१ हजारांचा चेक, परत मिळतो', अशी या विक्रीची नाना रूपं आहेत. नोंदणीआधी विकासकाने जाहिरात करणं, बुकिंग घेणं किंवा विकण्याची तयारी दाखवणं हे सगळं कायद्याला नामंजूर आहे. एजंटने ते पुढे नेलं तर तोही दोषी. चेकवर 'परतावायोग्य' लिहिलं म्हणून बुकिंगचं बुकिंगपण जात नाही.

दुसरा मुद्दा खोट्या बोलण्याचा. आपल्या सेवेचा दर्जा फुगवून सांगणं, विकासकाकडे किंवा स्वतःकडे नसलेली मंजुरी वा संलग्नता असल्याचं भासवणं, जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात करणं, हे सगळं अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. तोंडी बोललेलंही कायद्यात धरलं आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं. 'ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली आहे, फक्त हातात यायची आहे' असं एजंट फोनवर खोटं बोलला असेल तर तेही उल्लंघन ठरतं. अडचण सिद्ध करण्याची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरं काम कागद देण्याचं. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जी माहिती आणि कागदपत्रं मिळायला हवीत ती मिळवून देणं ही एजंटची कायदेशीर जबाबदारी आहे. मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीचा अहवाल, टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक यांसाठी 'बिल्डरच्या ऑफिसमध्ये मागा' हे उत्तर चालत नाही.

याशिवाय हिशेबाच्या वह्या आणि व्यवहाराची कागदपत्रं त्याने सांभाळून ठेवायची आहेत. नोंदणी क्रमांक धंद्याच्या मुख्य जागी आणि शाखांमध्ये दिसेल असा लावायचा, आणि जाहिरात, विक्री, खरेदी यांच्या प्रत्येक कागदावर स्वतःचा व प्रकल्पाचा असे दोन्ही क्रमांक लिहायचे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे. तो स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावरचं त्या प्रकल्पाचं पान उघडतं. जाहिरातीत कोड नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दलाली किती घ्यायची हे रेराने ठरवलेलं नाही. म्हणून ती किती, कोण देणार, कधी देणार आणि व्यवहार मोडला तर परत मिळणार का, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. दलालीच्या वादांत निम्मा वेळ 'ठरलं काय होतं' यावरच जातो.

दंड किती बसतो

नोंदणीशिवाय काम केलं किंवा कलम ९ व १० मोडलं तर कलम ६२ लागतं. उल्लंघन चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला १० हजार रुपये. पण एकूण दंड एजंटने विक्री घडवून आणलेल्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकतो. घर ८० लाखांचं असेल तर ही मर्यादा ४ लाख रुपये होते, म्हणजे चाळिसाव्या दिवशी मीटर तिथे येऊन थांबतो. ४० लाखांच्या घराला विसाव्या दिवशी. उल्लंघन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चाललं हे तक्रारीत लिहायचं ते यासाठी. नुसतं 'एजंटने फसवलं' असं लिहिलं तर दिवस मोजायला धागाच मिळत नाही.

प्राधिकरणाने आदेश दिला आणि एजंटने तो जाणूनबुजून पाळला नाही, तर वेगळा रोजचा दंड सुरू होतो. त्यालाही ५ टक्क्यांचीच मर्यादा आहे. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश मोडला तर गोष्ट गुन्ह्यापर्यंत जाते: एक वर्षापर्यंत कैद, किंवा १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकणारा रोजचा दंड, किंवा दोन्ही. या कायद्याखाली एजंटला तुरुंगाची शक्यता फक्त इथे आहे. प्रकल्पाची नोंदणी टाळत राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची जी तरतूद लोक सांगतात ती विकासकासाठी आहे.

दंडापेक्षा एजंटला जास्त झोंबतं ते निलंबन किंवा नोंदणी रद्द होणं. अटी मोडल्या किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असं आढळलं तर प्राधिकरण ही कारवाई करू शकतं. मात्र त्याआधी एजंटला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस, उत्तर, सुनावणी आणि मग आदेश असा क्रम असतो. ग्राहकाला हा वेळकाढूपणा वाटतो. पण सुनावणी न देता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, म्हणजे ते माणसाला समन्स काढू शकतं आणि वह्या-कागद हजर करायला लावू शकतं. चौकशी चालू असताना चुकीचा प्रकार थांबवण्याचा अंतरिम आदेशही देऊ शकतं. खोटी जाहिरात अजून फिरत असेल तर असा आदेश स्पष्ट शब्दांत मागायला हवा.

तक्रार करताना

तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन करायची, शुल्क ५ हजार रुपये. ज्याचं नुकसान झालं तो ग्राहक, घर घेणाऱ्यांची संघटना किंवा नोंदणीकृत ग्राहक संस्था तक्रार करू शकते.

पुराव्यांत सगळ्यात आधी हात घालायचा तो व्हॉट्सअ‍ॅपला. एजंटने पाठवलेली जाहिरात, दरपत्रक, 'ओसी आली' असा निरोप, हे सगळं संवाद एक्स्पोर्ट करून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट काढलात तर वर नंबर आणि तारीख दिसेल असा काढा. नाव 'राजू ब्रोकर' म्हणून सेव्ह केलेलं असेल तर स्क्रीनशॉटवर तेच दिसतं आणि समोरचा 'हा मी नव्हेच' म्हणायला मोकळा होतो. फोनवर काही महत्त्वाचं बोलणं झालं तर त्याच दिवशी त्याला संदेश पाठवा: 'आज आपण सांगितल्याप्रमाणे ओसी मिळाली आहे आणि ताबा मार्चमध्ये आहे, बरोबर ना?' त्याचं 'हो' किंवा त्याची दुरुस्ती, दोन्ही तुमच्या कामाचे. तोंडी बोलणं कागदावर आणायची इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

त्यानंतर पैशाचा माग. घराचे पैसे विकासकाच्या खात्यात आणि दलाली एजंटच्या नोंदणीकृत नावाच्या खात्यात, पावतीसह. घराची आगाऊ रक्कम २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही. तरीही 'थोडी कॅश द्या, रेट धरून ठेवतो' म्हणणारे भेटतात. विक्रीकरार नोंदवण्याआधी विकासकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही एजंटला ठणकावून सांगा.

तक्रारी घसरतात त्या बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे नंबर संस्थेच्या नावावर असतो आणि तक्रार फक्त कार्डावरच्या माणसाविरुद्ध केली जाते. नोंदणीतलं नाव आणि प्रत्यक्ष वागणारी व्यक्ती, दोघांनाही प्रतिवादी करा. दुसरी चूक जास्त महागात पडते: एजंटच्या दंडातून आपली भरपाई होईल असं समजणं. दंडाची रक्कम सरकारने ठरवलेल्या खात्यात जमा होते. त्यातला एक रुपयाही तक्रारदाराकडे येत नाही. नुकसानभरपाई ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर कायद्याने जी कलमं ठेवली आहेत (१२, १४, १८ आणि १९), त्यांच्यातही एजंटची कलमं नाहीत. आमच्या मते या कायद्यातली ही मोठी उणीव आहे. एजंटमुळे बुडालेल्या माणसाला शिस्तभंगाची कारवाई बघायला मिळते, पैसा मात्र दुसऱ्या दारी शोधावा लागतो.

घराचे पैसे विकासकाकडे गेले असतील आणि जाहिरातीतली माहिती खोटी निघाली असेल, तर विकासकालाच प्रतिवादी करून कलम १२ खाली व्याजासह परतावा मागता येतो. जाहिरात एजंटने वाटली, पण मजकूर विकासकाचा, हे दाखवायला माहितीपत्रकावरचं विकासकाचं नाव आणि बोधचिन्ह कामी येतं. पैसे एजंटकडेच अडकले असतील तर ग्राहक आयोग हा रस्ता आहे. रेरामुळे तो बंद होत नाही, आणि भाड्याच्या किंवा पुनर्विक्रीच्या दलालालाही तो लागू पडतो. दलाली घेऊन दिलेली सेवा सदोष होती अशी तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात करायची. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत असेल, म्हणजे एकच फ्लॅट तिघांना दाखवून तिघांकडून टोकन घेतलं असा प्रकार असेल, तर पोलिसांत फौजदारी तक्रार करा. ती आणि महारेराची तक्रार एकाच वेळी चालू शकतात.

महारेराचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तिथून पुढे उच्च न्यायालयात जाता येतं. अपिलाआधी दंडाच्या किमान ३० टक्के रक्कम भरण्याची अट विकासकाला आहे, एजंटला नाही. त्यामुळे एजंट सहज अपिलात जातो, हे धरूनच पुढची तयारी ठेवावी. अपील झालं नाही आणि दंडही भरला नाही, तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. महारेराचं वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे, आणि एजंटची मालमत्ता जप्तीला येऊ शकते. तहसील कार्यालयाला त्यासाठी त्याचा खरा पत्ता आणि मालमत्तेचा ठावठिकाणा लागतो. नोंदणीच्या पानावरचा पत्ता, जीएसटी बिलावरचा पत्ता आणि पावतीवरच्या शिक्क्यातला पत्ता तीन वेगळे असतील, तर तिन्ही तक्रारीत नोंदवून ठेवा.